नाड्यावरची गाडी

आमच्या घरात भांडण झालं की ते आधी गाडीला कळायचं. आई चिडलेली असली की इंजिन ठणाणा बोंब मारायचं, आणि तिचं मन भलतीकडं कुठं लागलेलं असलं की ते गुरगुर करत विझून जायचं. कारण साधं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, संध्याकाळी कचेरीतून आले की शर्ट खुंटीला लावून बनियनवर बॉनेटखाली डोकं घालायचे, आणि ते तिथं कान लावून ऐकत असताना गाडीत बसून ॲक्सिलरेटर दाबायला कुणीतरी लागायचं. ते कुणीतरी म्हणजे आई. बाहेरून "रेस दे" असा पुकारा आला की ती तव्यावरची भाकरी उतरवायची, पदर खोचायची आणि अनवाणीच ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसायची. स्टीअरिंगच्या खाचांत ज्वारीचं पीठ बसलेलं असायचं. भाकरीचा वास येणारं स्टीअरिंग मी त्यानंतर कुठंच पाहिलं नाही.

आम्ही शहागंजच्या मागच्या गल्लीत राहायचो. गाडी अण्णांनी एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून घेतली होती. रंग फिकट हिरवा, दारं बंद करताना जरा उचलून बंद करावी लागत, आणि डाव्या बाजूची काच वर केली की आपोआप खाली यायची. अण्णा पाटबंधारे खात्यात कालव्यांचे नकाशे काढायचे, त्यामुळं कुठल्याही गोष्टीत पाणी कुठं अडलंय हे शोधायची त्यांना खोडच लागली होती. गाडीत अडलेलं सापडायचं फार. एका मोठ्या स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटायचे आणि म्हणायचे, मिसिंग आहे, म्हणजे इंजिनचा एखादा ठोका चुकतोय. मग प्लग काढायचे, पुसायचे, लावायचे, पुन्हा डोळे मिटायचे. मिसिंग असायचंच. मला आता वाटतं, ते गेलं असतं तर अण्णांना संध्याकाळी करमलं नसतं.

शेजारच्या नसीमखाला भिंतीवरून डोकावून गाडीला बेगम म्हणायच्या आणि आवाजावरून आमच्या घरचं हवामान सांगायच्या. इंजिन फारच ओरडलं की त्या आईला विचारायच्या, "आज बेगम का मिजाज गरम हय. भाईसाब कुछ बोले क्या तुमकू?" आई आतूनच हसायची आणि पाय आणखी दाबायची. तिच्या पायातली जोडवी पेडलवर टिक टिक वाजायची. अण्णा बाहेरून ओरडायचे, कमी कर, कमी कर, आणि मी शेजारच्या सीटवर पोट धरून हसत असायचे. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि मला कशाचंही हसू यायचं.

पण त्या सीटवर बसून आई काय करायची ते फक्त मला ठाऊक होतं. आरसा आधी ती स्वतःकडं वळवायची, कुंकू नीट आहे का बघायची, मग तो मागच्या रस्त्याकडं लावायची. क्लच दाबून स्टीअरिंगजवळचा गिअरचा दांडा एकात, मग दोनात, मग तीनात. गाडी जागच्या जागी थरथरत उभी, आणि आई माझ्या कानात हळूच सांगायची: झाल्टा फाटा गेला बरं का. थोड्या वेळानं, आडूळ आलं, भजी खायची का? अण्णांनी बाहेरून रेस वाढवायला सांगितली की म्हणायची, आता चढ लागला. ती रोज संध्याकाळी बीडच्या रस्त्यानं पाचोडला, तिच्या माहेरी जाऊन यायची. कधी अण्णांचं काम लवकर आटपलं तर आम्ही आडूळलाच अडकायचो, आणि आई हिरमुसून भाकऱ्यांकडं वळायची.

ब्रेक तपासायचे असले की अण्णा तिला गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी आणायला सांगायचे आणि स्वतः बाजूनं वाकून चाकं बघत चालायचे. ती आणायची, अगदी नीट. म्हणून तिनं एकदा विचारलं, मला रस्त्यावर चालवायला शिकवता का? अण्णा म्हणाले, बघू. आमच्या घरात 'बघू' म्हणजे काय हे उंबऱ्यापाशी बसणाऱ्या मांजरीलाही माहीत होतं.

अशात मावशीचं लग्न ठरलं. आजी कधीच गेलेली, त्यामुळं आईच मावशीची आई. रुखवत आईनं करायचं असं न बोलता ठरून गेलं, आणि आमचं घर रुखवतानं भरलं. रंगीत शेवया, कुरडयांची उतरंड, अनारसे, हातभर लांबीच्या करंज्या. मुलीच्या बाजूनं मांडवात मांडायचं ते रुखवत, आणि सगळ्या गावानं ते वाकून वाकून बघायचं; त्यात आईची सगळी इज्जत गुंतलेली. मधोमध ठेवायला तिनं खोबऱ्याच्या वडीची एक गाडी केली. फिकट हिरवी. चकलीची चाकं, वेलदोड्याचे दिवे, आणि आत स्टीअरिंगवर एक लुगडं नेसलेली, कापसाची, बोटाएवढी बाई. अण्णांनी ती बघितली आणि चाकं फार मोठी झालीत एवढंच म्हणाले.

त्याच आठवड्यात अण्णांना शोध लागला. झालं असं की मिसिंग नक्की कुठून येतंय हे कळायला त्यांना मागं सायलेन्सरपाशी उभं राहून धूर बघायचा होता, आणि त्याच वेळी रेस आपल्या मनासारखी कमी-जास्त करायची होती. आईला ओरडून सांगेपर्यंत तो नेमका क्षण निघून जायचा. इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या कार्बोरेटरवरचा एक लहानसा खटका बोटानं ओढला तरी रेस वाढते, पण तिथं हात भाजतो आणि मागचा धूर दिसत नाही. तेव्हा अण्णांनी आईच्या पेटीतून परकराचा एक कोरा नाडा घेतला, खटक्याला बांधला, मडगार्डवरून बाहेर काढला आणि मागं सायलेन्सरपर्यंत नेला. नाडा ओढला की इंजिन गरजायचं, सोडला की शांत. नाडा बांधायला जागा हवी म्हणून ॲक्सिलरेटरची तार जिथं खटक्याला अडकते तिथली पिन त्यांनी काढून टाकली आणि तार आईच्याच केसातल्या आकड्यानं अडकवली. मग गाडीच्या चारी बाजूंनी फिरत, पुढून, मागून, एकदा तर ओट्यावर बसून चहा पीत पीत, त्यांनी गाडीला रेस दिली. इतकं खूश मी त्यांना माझ्या निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

"आता तुला उठायची गरज नाही," ते आईला म्हणाले. "तू निवांत भाकऱ्या कर."

आई नाड्याकडं बघत उभी राहिली. मग आत गेली, आणि त्या क्षणापासून तिनं अण्णांशी बोलणं बंद केलं. जेवायला वाढलंय हे ती मला सांगायची आणि मी चार पावलांवर बसलेल्या अण्णांना सांगायचे. अण्णांना काही उमगेना. त्यांना वाटलं, नाडा घेतला म्हणून राग आला असेल. तर ते शहागंजातून नव्या नाड्यांची अख्खी जुडी घेऊन आले. आईनं ती उचलून माझ्याकडं दिली आणि म्हणाली, तुझ्या अण्णांना सांग, मला एवढे परकर नाहीत. मी तोंडात पदर कोंबून मोरीत पळाले. नसीमखाला भिंतीवरून म्हणाल्या की बेगम आजकाल फारच एकसुरी बोलतेय, मजा गेली. ते ऐकून मात्र मला एकदम वाईट वाटलं, कारण आता संध्याकाळी झाल्टा फाटाही जात नव्हता आणि आडूळही येत नव्हतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही पाचोडला निघालो. अण्णा गाडीवर, आई शेजारी, मांडीवर खोबऱ्याची गाडी. मी मागं, कुरडया आणि करंज्यांच्या डब्यांमध्ये रुतलेली. जेवणाच्या आधी रुखवत मांडून व्हायला हवं होतं. आई समोर बघत मला सांगत होती की तुझ्या अण्णांना म्हणावं जरा लवकर चला, आणि अण्णा समोर बघत मला सांगत होते की आईला म्हणावं गाडी तिच्या तब्येतीनं चालते. मी निरोप्याचं काम करता करता एक अनारसा संपवला. आडूळ मागं पडलं. भजी कुणी विचारली नाहीत. आणि आडूळच्या पुढं, दोन्हीकडं नुसती कापसाची रानं असलेल्या जागी, अण्णांचा पाय ॲक्सिलरेटरवर भसकन आत गेला आणि गाडी मलूल होऊन थांबली.

आईच्या आकड्याच्या कडेवर घासून घासून तार तुटली होती. अण्णांनी बॉनेट उघडून पाहिलं. जोडायला तार उरली नव्हती. पण नाडा होता. तो मडगार्डखाली गुंडाळी करून तसाच ठेवलेला होता, कारण अण्णा आपले शोध सोडत नसत. त्यांनी तो उजव्या खिडकीतून आत घेतला आणि एका हातात नाडा, एका हातात स्टीअरिंग असे निघाले. गिअर बदलायला तिसरा हात नव्हता. गाडी उड्या मारत पुढच्या एका बाभळीपर्यंत गेली आणि बंद पडली. मग अण्णांनी नाडा मागं माझ्या हातात दिला. मला म्हणाले, हळू. मी हळूच ओढला, पण तेवढ्यात मला हसू फुटलं आणि हसताना माझा हात हलला. गाडीनं अशी झेप घेतली की कुरडयांची उतरंड माझ्या डोक्यावर आली. अण्णांनी ब्रेक मारला. आईच्या मांडीवरच्या गाडीचं एक चाक निखळून खाली पडलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. उन्हं चढत चालली होती.

आईनं चकली उचलली, फुंकर मारून मला खायला दिली, खोबऱ्याची गाडी माझ्या मांडीवर ठेवली आणि खाली उतरली. पुढून वळसा घालून ती ड्रायव्हरच्या दाराशी आली.

"तुम्ही नाडा धरा," ती म्हणाली. "गाडी मी घेते."

कितीतरी दिवसांनी ती अण्णांशी थेट बोलली होती, त्यामुळं ती काय म्हणाली यापेक्षा ती बोलली याचंच अण्णांना जास्त आश्चर्य वाटलं असावं. ते म्हणाले, अगं पण हा रस्ता आहे. आई म्हणाली, रस्ताच हाय, नदी नाय. ते म्हणाले, तुला येईल का? त्यावर आईनं जे उत्तर दिलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. "इतकी वर्षं तिथं बसून काय मी भाकऱ्या थापत होते का? या रस्त्याचा खड्डा न् खड्डा मला पाठ हाय. तुम्हालाच ठाव नाय." अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. ते उतरले, गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला येऊन बसले, आणि नाडा त्यांनी कधीच वर न राहणाऱ्या काचेच्या खिडकीतून आत घेतला.

आईनं आरसा स्वतःकडं वळवला, कुंकू पाहिलं, मग रस्त्याकडं लावला. चपला काढून सीटखाली सारल्या. क्लच दाबला, पहिला गिअर टाकला आणि समोर बघत म्हणाली, रेस द्या. अण्णांनी दिली. जास्त झाली. कमी करा, आई म्हणाली. अण्णांनी कमी केली. जोडवी टिक करून क्लचवरून उठली आणि गाडी सुटली, लोण्यासारखी. माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी मी हसतही सुटले, आणि आजही ते लिहिताना मला दोन्ही होतंय.

जन्मभर हुकूम सोडलेला माणूस एकदम हुकूम झेलायला लागला की काय होतं ते मी त्या रस्त्यावर पाहिलं. आई दुसरा टाकते म्हणाली की अण्णांनी नाडा सोडायचा, टाकला म्हणाली की ओढायचा. पहिल्यांदा ते उशीर करत होते. आई म्हणाली, वेळेवर द्या, आणि अण्णा म्हणाले, तू आधी सांग ना. मग सांगावंही लागेना. तिचा खांदा किंचित हलला की अण्णांची मूठ ढिली पडायची. समोरून ट्रक आला तेव्हा अण्णांनी डोळे मिटून घेतले, पण नाडा बरोबर सोडला. ट्रक गेला. आईनं हॉर्न वाजवला, उगीचच, रिकाम्या रस्त्यावर, आणि मग आम्ही तिघंही हसायला लागलो. इतके की अण्णांच्या हसण्यानं नाडा हलायचा आणि गाडीही गदगदा हलायची.

हसू ओसरल्यावर अण्णा नाड्याकडं बघत म्हणाले, "मला वाटलं, भाकरी टाकून यावं लागतं म्हणून तुला त्रास होतो."

"करपली तर करपली भाकरी," आई म्हणाली. "मला कुणी विचारलं का?"

चढ आला तसा अण्णांनी नाडा अलगद ओढला, तिनं न सांगता.

पाचोडला पोचलो तर त्या दिवशी बाजार. मांडव बाजाराच्या पलीकडं, आणि मधे बैलगाड्या, मिरच्यांचे ढीग, बांगडीवाले, कोंबड्या, माणसं. आई थांबली नाही. ती खिडकीबाहेर डोकं काढून सरका म्हणत होती आणि अण्णांना आत सोडा, द्या, इवलीशी द्या, असं सांगत होती. लोक बाजूला होऊन बघत राहिले. बाई गाडी चालवतेय हे एक नवल, आणि पुरुष खिडकीत दोरी धरून बसलाय हे दुसरं. बैलाच्या बाजारातून आलेला एक म्हातारा आमच्याबरोबर चालत चालत नाडा निरखत होता. शेवटी त्यानं विचारलं, "आरं, गाडीला येसण घातली का काय?" अण्णा, ज्यांना एरवी गाडीची थट्टा सहन व्हायची नाही, ते म्हणाले, व्हय बाबा, लई मारकी हाय. एक बकरी समोर येऊन उभी राहिली आणि हलेना. आईनं ब्रेक दाबला, अण्णांनी सोडायच्या ऐवजी घाबरून नाडा ओढला, आणि इंजिननं अशी आरोळी ठोकली की बकरीच काय, समोरचा अर्धा बाजार दुभंगला. त्या फटीतून आई सरळ मांडवापर्यंत गेली.

मांडवाच्या दारात बँडवाले बसले होते. गाडी आली म्हणजे नवरदेवच आला असं समजून त्यांनी एकदम वाजवायला सुरुवात केली. ते ऐकून बायका आरत्यांची ताटं आणि भाकरतुकडा घेऊन धावल्या. ड्रायव्हरचं दार उचलून उघडलं आणि आई उतरली. केस सुटलेले, पदर खोचलेला, पाय अनवाणी. बायका थबकल्या. बँड मात्र थांबेना, कारण त्यांना थांबा असं कुणी सांगितलंच नाही. हळदीनं पिवळी झालेली मावशी आतून वाकून बघत होती. ती जोरात ओरडली की अगं, अक्का गाडी चालवत आली. मग कुणीतरी आईवरूनच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि सगळ्यांनी तिला वाजतगाजत आत नेलं. मागून अण्णा, हातात खोबऱ्याची गाडी घेऊन.

रुखवत वेळेत मांडलं गेलं. कुरडयांची उतरंड जरा बुटकी झाली होती आणि गाडीला चाकं तीनच होती. ज्या बाया वाकून बघत होत्या त्यांना अण्णा स्वतः सांगत होते की आतली ती बाई कोण. आई तिकडं मुद्दाम बघत नव्हती, पण तिचे कान मी पाहिले, ते लाल झाले होते.

परवा माझ्या नातीची गाडी बिघडली तेव्हा मी तिच्याबरोबर गॅरेजमध्ये गेले होते. तिथल्या पोरानं गाडीला एक वायर खुपसली, लॅपटॉप मांडीवर घेऊन लांब खुर्चीत बसला आणि तिथूनच इंजिनची रेस वर-खाली करू लागला. मला अण्णांची आठवण झाली. म्हटलं, आमच्या अण्णांनी हे परकराच्या नाड्यावर केलं होतं. त्या पोरानं आदरानं मान हलवली, त्याला काही कळलं नसावं. आई पुढं रीतसर लायसन्स काढून म्हातारपणापर्यंत गाडी चालवत राहिली, आणि मिसिंग आहे असं अण्णांनी म्हणायची खोटी, ती ड्रायव्हरच्या जागेवर हजर. नाडा त्यांनी खटक्याला पुन्हा कधी बांधला नाही.

पण मला सांगायचं होतं ते परतीचं. दुसऱ्या दिवशी पाचोडच्या एका मेकॅनिकनं नवी तार टाकून दिली, नवी पिनसुद्धा, आणि नाडा सोडून अण्णांच्या हातात दिला. गाडी आता पायानं चालणार होती. निघताना अण्णा सवयीनं उजव्या दाराकडं गेले, तिथं क्षणभर उभे राहिले आणि वळसा घालून डाव्या बाजूला येऊन बसले. आईनं आरसा वळवला, पुन्हा वळवला, आणि गाडी काढली. मी मागच्या रिकाम्या डब्यांमध्ये पाय पसरून बसले होते. अण्णांनी नाडा खिशात घातला नव्हता. तो त्यांच्या मुठीत होता, दुसरं टोक मांडीवर मोकळं लोंबत होतं, आणि आईनं गिअर बदलला की त्यांची मूठ नकळत ढिली पडत होती.

आडूळच्या अलीकडं चढ लागला. गाडी जरा कुरकुरली. आईनं अण्णांच्या मुठीकडं एक नजर टाकली, मग रस्त्याकडं बघत म्हणाली, "रेस द्या."

अण्णांनी मांडीवरचा तो नाडा हळूच, अगदी बेतानं ओढला. आईनं पाय दाबला. गाडी चढ चढून गेली, आणि वर पोचल्यावर आईनं विचारलं, भजी खायची का?